मॉरिशसचा हनिमून: भाड्याची गाडी आणि किराणा (इंदूरहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लग्नानंतर आम्ही दोघं मॉरिशसला नऊ रात्री राहिलो. हॉटेल घेतलं नाही, स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घेतलं आणि भाड्याची गाडी स्वतः चालवली. तेव्हापासून रामबागेत, लोकमान्य नगरात किंवा सुदामा नगरात ओळखीच्या घरी लग्न ठरलं की मला फोन येतो. मावशीच्या मुलीने तर तिकिटं काढायच्या आधी दीड तास प्रश्न विचारले. तिला दिलेली उत्तरं आणि नंतर इतरांनी विचारलेलं, सगळं इथे एकत्र लिहिलं आहे.

मॉरिशसच का? मालदीव किंवा बाली का नको?

जाऊ नका असं नाही. पण गाडी स्वतः चालवायची आणि भाजी स्वतः आणायची असेल तर मालदीवला दोन्हीला वाव नाही. तिथे एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट असाच बहुतेक कारभार असतो. बालीत रस्ते स्कूटरांनी भरलेले असतात. मॉरिशस साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, स्टीअरिंग उजवीकडे असतं आणि पाट्या इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असतात. बाजारात दोडकं, कारलं, दुधी, अळू मिळतं. शिवाय कोकणातून तिथे गेलेल्या मराठी मंडळींच्या पुढच्या पिढ्या आजही तिथे राहतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. घरापासून इतक्या लांब जाऊनही अंगण ओळखीचं वाटतं.

आधी गाडी ठरवायची की घर?

घर. या सगळ्या लिखाणातलं सर्वांत महत्त्वाचं उत्तर हेच आहे. गाडी आणि किराणा ही दोन वेगळी कामं आहेत असं आपण धरून चालतो आणि दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसाने ठरवतो. मुक्काम कुठे आहे यावर दोन्ही अवलंबून असतं. घरापासून चालत दहा मिनिटांवर दुकान असेल तर गाडी निम्मे दिवस पुरते. घर उसाच्या शेतांच्या पलीकडे, एकांतात असेल तर दह्यासाठीसुद्धा गाडी काढावी लागते, आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्यांवर गाडी काढावीशी वाटत नाही.

म्हणून घर पसंत करताना नकाशा उघडा आणि तीन अंतरं बघा: विमानतळापासूनचं, जवळच्या सुपरमार्केटपासूनचं आणि तुम्हाला बघायच्या ठिकाणांपासूनचं. विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे. तिथून माहेबूर आणि ब्लू बे अगदी जवळ आहेत. पश्चिमेचं फ्लिक-आं-फ्लाक साधारण पाऊण ते एक तास, पूर्वेचं बेल मार तासभर आणि उत्तरेचं ग्राँ बे सव्वा तासाच्या पुढे. रहदारी असेल तर त्याहून जास्त.

किराणा आणि जेवणाच्या दृष्टीने ग्राँ बे सर्वांत सोयीचं, कारण सुपर-यू हे मोठं सुपरमार्केट तिथेच आहे आणि खाण्याची दुकानंही भरपूर. फ्लिक-आं-फ्लाकला लांबलचक समुद्रकिनारा, चालत जाण्याजोगी दुकानं आणि दक्षिणेच्या डोंगरांकडे जायला सोपा रस्ता. आमचे पाच दिवस तिथे गेले आणि मी डोळे मिटून पुन्हा तेच निवडेन. ले मॉर्नचा डोंगर आणि समुद्र बघून जीव सुखावतो, पण तिथे राहणार असाल तर किराणा वाटेतच भरून घ्या.

नऊच्या नऊ दिवस गाडी घ्यावी का?

गरज नाही. लग्नाची दगदग, मग सत्यनारायण, कुलदैवताचं दर्शन, पाहुण्यांचे निरोप, त्यावर इंदूर ते मुंबई आणि मुंबईहून सहा तासांचं विमान. पोचल्यावर पहिले दोन दिवस शरीराला फक्त झोप आणि समुद्र हवा असतो. आम्ही तिसऱ्या दिवशी गाडी घेतली आणि पाच दिवस ठेवली. त्यात शामारेल, गंगा तलाव, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस, ले मॉर्न आणि एक दिवस पूर्व किनारा आरामात झाला. इल ओ सेर्फ या छोट्या बेटावर नेणाऱ्या बोटी त्रू दो दूस गावातून सुटतात, तिथपर्यंतही गाडीनेच गेलो.

सलग दिवसांचं भाडं सुट्या दिवसांपेक्षा स्वस्त पडतं. म्हणून ‘एक दिवस आड’ असं कधीच ठरवू नका.

मग विमानतळावरून घरी कसं जायचं?

घरमालकाला सांगून टॅक्सी आधीच ठरवा आणि भाडं लेखी घ्या. रात्री किंवा थकलेल्या अवस्थेत नव्या देशात, नव्या गाडीत, पहिल्याच तासाला मोटरवेवर जाऊ नये. बहुतेक गाडीवाले ठरलेल्या दिवशी गाडी घरी आणून देतात, फक्त त्याचे वेगळे पैसे घेतात का ते विचारा. विमान सकाळी पोचत असेल, गाडी चालवणाऱ्याची झोप झाली असेल आणि सगळेच दिवस गाडी हवी असेल, तरच विमानतळावर ताबा घ्या.

तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. गाडी घेण्या-देण्याची वेळ ठरवताना हा हिशेब चुकतो.

इंदूरचं लायसन्स चालतं का?

पर्यटकांना आपल्या मूळ लायसन्सवर गाडी मिळते. तरी मी आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच निघायला सांगते. पोलीस, गाडीवाला, विमा कंपनी यांच्यापैकी कोणीही तो मागू शकतं आणि तेव्हा तो हातात असला की वाद होत नाही. अर्ज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर करायचा, नमुना ४-ए, शुल्क एक हजार रुपये. पासपोर्ट, मूळ लायसन्स आणि प्रवासाची कागदपत्रं लागतात. परवाना जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. इंदूरकरांना काम पडलं तर नायता मुंडल्याच्या आरटीओत चक्कर मारावी लागते, म्हणून हे केळवणांच्या धावपळीआधी उरकून टाका. लग्नाच्या आठवड्यात कोणालाही तिकडे जायला वेळ नसतो.

नवं लायसन्स असेल तर आधी विचारून घ्या. गाडीवाले किमान वय आणि लायसन्सची किमान मुदत अशा दोन अटी घालतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो.

लग्नानंतर मुलीचं नाव बदलणार आहे. काय करायचं?

परत येईपर्यंत काहीच बदलू नका. पासपोर्ट, तिकीट, लायसन्स, आंतरराष्ट्रीय परवाना आणि क्रेडिट कार्ड या पाचही ठिकाणी एकच नाव हवं. घरच्यांच्या हौसेपोटी तिकीट नव्या नावाने काढलेलं मी पाहिलं आहे. ते दुरुस्त करण्यात त्या दोघांचा हळदीचा दिवस फोनवर गेला.

दोघांनीही गाडी चालवावी का?

हो, चालवता येत असेल तर दोघांचीही नावं करारात घाला. दुसऱ्या चालकाचं नाव घालायला थोडे पैसे पडतात, पण ज्याचं नाव करारात नाही त्याने गाडी चालवली आणि काही झालं तर विमा मिळत नाही. आमच्याकडे मुली इंदूरभर गाडी चालवतात आणि सहलीला निघालं की बाजूच्या सीटवर बसतात. असं करू नका. शामारेलचा घाट मी चालवला आणि नवऱ्याला तो खिडकीतून शांतपणे बघता आला. तो आनंद दोघांना वाटून मिळायला हवा.

डिपॉझिट किती आणि कसं?

रक्कम गाडीप्रमाणे बदलते. डिपॉझिट बहुधा चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी घेत नाहीत. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नवीन कार्डांवर तो आपोआप सुरू नसतो. कार्डाची मर्यादाही तपासा. लग्नाच्या खरेदीने ती संपत आलेली असते.

आमचं डिपॉझिट मोकळं व्हायला तीन आठवडे लागले. एका चाकाच्या रिमवर ओरखडा होता, तो आमचा नव्हता. पण गाडी घेताना आम्ही दरवाजे आणि बंपरचे फोटो काढले, चाकांचे काढले नाहीत. शेवटी काही रक्कम कापली गेलीच. पुढचं उत्तर त्या अनुभवातून आलं आहे.

गाडी ताब्यात घेताना नेमकं काय बघायचं?

उजेडात घ्या. पावसात किंवा अंधारात गाडी आणली तर ‘सकाळी तपासून सही करतो’ असं सांगा. एका सलग व्हिडिओत गाडीभोवती पूर्ण फेरी मारा: चारही चाकं, रिम, काच, आरसे, छप्पर, बंपरची खालची कड, आतल्या सीटा. शेवटी पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. डिकी उघडून स्टेपनी आणि जॅक आहे का ते बघा. एसी पाच मिनिटं चालवून बघा. सापडलेला प्रत्येक ओरखडा त्यांच्या कागदावर लिहून घ्या आणि त्या कागदाचाही फोटो काढा.

संकोच करू नका. साखरपुड्याची अंगठी घेताना आपण सराफाकडे जितकं निरखतो, तितकंच निरखायचं.

विम्यात काय असतं, काय नसतं?

साध्या विम्यात गाडीच्या नुकसानीचा एक ठरलेला हिस्सा तुम्ही भरायचा असतो आणि त्यावरचा भाग विमा भरतो. जास्तीचे पैसे दिले की तुमचा हिस्सा कमी होतो किंवा शून्य होतो. करार वाचताना थेट एवढं शोधा: माझा हिस्सा किती, आणि टायर, काचा, गाडीचा तळ, हरवलेली किल्ली यांचं काय? या चार गोष्टी बहुधा बाहेर ठेवलेल्या असतात. दक्षिणेकडच्या अरुंद रस्त्यांच्या कडा तुटलेल्या असतात आणि नुकसान होतं ते टायरचंच. मी जास्तीचा विमा घ्यायला सांगते. नव्या लग्नात पहिलं भांडण गाडीच्या ओरखड्यावरून होऊ नये.

कोणती गाडी घ्यावी?

सर्वांत छोटी, ऑटोमॅटिक. मोठी गाडी फोटोत छान दिसते, पण माहेबूरच्या गल्लीत घाम काढते. फक्त एक बघा: दोन मोठ्या बॅगा डिकीत मावायला हव्यात. मुक्काम बदलताना मागच्या सीटवर बॅगा ठेवून वाटेत कुठे उतरू नका. समुद्रकिनाऱ्यावर गाडी लावतानाही आत काही दिसेल असं ठेवू नका, अगदी रिकामी पर्ससुद्धा.

तिथे चालवणं कितपत अवघड आहे?

इंदूरला राजवाड्याच्या गर्दीतून गाडी काढणाऱ्याला अवघड नाही, पण सवयी बदलाव्या लागतात. पहिली सवय गोल चौकाची. तिथे असे चौक पावलोपावली आहेत आणि नियम पक्का आहे: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे जो घुसतो तो जातो, तिथे तसं चालत नाही. दुसरी हॉर्नची. तिथे हॉर्न क्वचित ऐकू येतो. तिसरी वेगमर्यादेची. मोटरवेवर पाटी ११० पर्यंत जाते, गावात शिरताच ४० होते, आणि वेग मोजणारे कॅमेरे लावलेले आहेत.

उसाची तोडणी साधारण जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते. त्या काळात उसाने भरलेले ट्रक सावकाश पुढे चाललेले असतात आणि दोन्ही बाजूंना उभ्या उसामुळे वळणापलीकडचं दिसत नाही. ओव्हरटेक करायची घाई नको. हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या जून ते ऑगस्टमध्ये, सहाच्या सुमारास अंधार होतो. घाटातून तोवर खाली उतरलेलं बरं.

राजधानी पोर्ट लुईला गाडी घेऊन जायचा हट्ट धरू नका. सकाळ-संध्याकाळ तिथे कोंडी असते. क्यूरपीपहून पोर्ट लुईला मेट्रो जाते. ती उभारली आपल्या लार्सन अँड टुब्रोने. मध्य भागातून येत असाल तर गाडी स्टेशनाजवळ लावून मेट्रोने जा. तिथला अप्रवासी घाट जरूर बघा. १९व्या शतकात मजूर म्हणून नेलेली आपली माणसं तिथल्या पायऱ्या चढून त्या भूमीवर आली. २००६ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. मी त्या पायऱ्यांवर बराच वेळ उभी होते.

पेट्रोल आणि पार्किंग?

पेट्रोलचा दर सरकार ठरवतं, बेटावर सगळीकडे एकच, म्हणून स्वस्त पंप शोधायची खटपट नको. इंडियन ऑइलचे पंपही दिसतील. शहरांत रस्त्याकडेला गाडी लावायला पैसे पडतात. कशी व्यवस्था आहे ते गाडी देणाऱ्यालाच विचारा. सार्वजनिक समुद्रकिनाऱ्यांवर मात्र बहुतेक ठिकाणी मोफत जागा आहे.

गाडीला धक्का लागला तर?

आधी फोटो, मग गाडीवाल्याला फोन. कोणी जखमी नसेल आणि दोघांचं एकमत असेल तर एक ठरावीक फॉर्म भरून दोघांनी सही करायची पद्धत आहे. तो कोरा फॉर्म गाडीच्या कप्प्यात आहे ना, हे ताबा घेतानाच बघा. जखमी असेल तर रुग्णवाहिकेसाठी ११४, पोलिसांसाठी ९९९. दारू पिऊन गाडी अजिबात नको, एक ग्लाससुद्धा नको. कायदा कडक आहे.

घरून कोणता किराणा न्यावा?

थोडा. सियागंजातून पाच किलोची पिशवी भरून नेण्याची गरज नाही, कारण डाळी, तांदूळ, हळद, जिरं, मोहरी सगळं तिथे मिळतं. आपल्या हातची चव मिळत नाही, ती न्यायची. मी नेलं होतं: आईचा गोडा मसाला, एका छोट्या डबीत हिंग, भाजलेला रवा, मेतकूट, पावकिलो जाडी शेव आणि चहाची पूड. जाडे पोहेही नेले आणि रविवारी सकाळी शेव घालून खाल्ले. जिलबी तेवढी राहिली.

ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बियाणं, रोपं अजिबात नेऊ नका. त्यांवर निर्बंध आहेत. विमानतळावर खाद्यपदार्थांबद्दल विचारलं तर जे आहे ते सांगा. सासूबाईंनी प्रेमाने बॅगेत घातलेले लिंबू, हिरव्या मिरच्या आणि केळी मुंबईलाच काढून ठेवा. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या लागत असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि अशा औषधांची परवानगी लागते का ते निघण्याआधी विचारून घ्या.

कुकरबद्दल सगळे विचारतात. भाड्याच्या घरात तो बहुधा नसतो. मुगाची किंवा मसुरीची डाळ पातेल्यात सहज शिजते, म्हणून नेऊ नका. एक छोटी धारदार सुरी मात्र तिथे पोचल्यावर घ्या, कारण भाड्याच्या घरातल्या सुऱ्यांना धार नसते. भिंतीतला प्लग ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा किंवा दोन गोल पिनांचा असतो, त्यासाठी ॲडाप्टर हवा.

पहिल्या दिवशी काय भरायचं?

फक्त दोन दिवसांपुरतं. नवीन ठिकाणी भूक किती लागेल, बाहेर किती वेळा खाल, काहीच माहीत नसतं. आमची पहिली यादी अशी होती: एक किलो तांदूळ, अर्धा किलो मसूर डाळ, मीठ, साखर, छोटी तेलाची बाटली, दूध, दही, लोणी, पाव, कांदे-बटाटे-टोमॅटो, लिंबं, केळी, पिण्याचं पाणी, भांडी घासायचा साबण आणि कचऱ्याच्या पिशव्या. शेवटच्या दोन गोष्टी प्रत्येक जण विसरतो.

दोन सूचना. सुपरमार्केटं रविवारी दुपारनंतर बंद होतात. विमान रविवारी पोचत असेल तर घरमालकाला विनंती करून दूध-पाव आधी आणून ठेवायला सांगा. आम्ही पोचलो तो रविवार होता, आणि त्या रात्री शेव आणि चहावर भागवलं. दुसरं, तिथे २०१६ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. घरून दोन कापडी पिशव्या न्या. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या इंदूरकरांना हे सांगावं लागत नाही, तरी लग्नाच्या गडबडीत पिशव्या घरी राहतात.

भाजी कुठून आणायची?

बाजारातून, शक्यतो सकाळी. सुपरमार्केटात भाजी मिळते, पण खरी मजा आणि रास्त भाव बाजारातच. माहेबूरचा बाजार सोमवारी भरतो. पूर्वेला असाल तर फ्लाक गावचा (हे फ्लिक-आं-फ्लाक नव्हे), बुधवारी आणि रविवारी. पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजार मोठा आहे. विनर्स आणि इंटरमार्ट ही सुपरमार्केटं बऱ्याच गावांत दिसतील. आयात केलेला माल, विशेषतः चीज, बिस्किटं, सफरचंदं, महाग असतो. तिथे पिकलेलं घ्या.

भाज्यांची क्रिओल, म्हणजे तिथल्या बोलीतली, नावं ऐकून मला फार गंमत वाटली, कारण त्यांत आपला दक्षिण भारत दडलेला आहे. दोडक्याला पिपंगाय म्हणतात, पडवळाला पातोल, कोथिंबिरीला कोतोमिली. भेंडी म्हणजे लालो. पालेभाजी म्हणजे ब्रेद, आणि शेवग्याचा पाला झाला ब्रेद मुरूम. शूशू नावाची फिकी हिरवी भाजी जरूर घ्या. आपल्या दुधीसारखी शिजते आणि हिंग-जिऱ्याच्या फोडणीत छान लागते. भाव विचारायला ‘कोम्ये सा?’ म्हणा. बरेच विक्रेते अर्ध्या किलोचा भाव सांगतात, हे लक्षात ठेवून हिशेब करा.

आम्ही पक्के शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

मुळीच नाही. रस्त्याकडेला मिळणारी धोल पुरी हाच एक मोठा आधार आहे. हरभऱ्याच्या डाळीचं मऊसूत सारण भरलेली पातळ पुरी, म्हणजे गूळ नसलेली पुरणपोळीच. ती जोडीने विकतात, आत घेवड्याच्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी आणि चटणी. गातो पिमा म्हणजे आपला डाळवडा. ते पावात घालून खातात. गार पेयात आलूदा घ्या, आपल्या फालुद्याची बहीण.

खबरदारी पाकिटांबाबत हवी. आपल्याकडचा हिरवा ठिपका तिथल्या मालावर नसतो. फ्रेंच लेबलवर बफ म्हणजे गाईचं मांस, पोर म्हणजे डुक्कर, सँदू म्हणजे डुकराची चरबी, जेलातीन म्हणजे जिलेटिन. हे शब्द रोमन लिपीत कसे दिसतात त्याचं चित्र फोनमध्ये ठेवा. अंडं चालत नसेल तर केक, ब्रेड घेताना ‘सां दिझेफ’ म्हणजे अंड्याशिवाय, असं विचारा.

दूध कसं असतं?

ताजं दूध कमी. मॉरिशसमध्ये दुधाची पूड आणि टिकाऊ खोक्यातलं दूध जास्त वापरतात. चहा थोडा वेगळा लागतो, दोन दिवसांत सवय होते. त्या दुधाला घरचं विरजण लावू नका, दही विकतच घ्या.

हनिमूनला कोणी स्वयंपाक करतं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त आत्या आणि काकू विचारतात, आणि त्यांच्या आवाजात थोडी नाराजी असते. मुलीने तिथेही ओट्याशी उभं राहायचं का, असं त्यांना वाटतं. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून उत्तर पूर्ण देते.

दिवसातून एकच वेळ, आणि दोघांनी. आम्ही दुपारचं जेवण बाहेर करायचो आणि रात्री घरी डाळ-भात, एखादी भाजी. नवऱ्याला कांदा चिरता येत नव्हता. तिथे शिकला. त्याला भातात दही लागतं, मला लिंबू. तो मीठ कमी खातो. इंदूरच्या भरल्या घरात, आठ माणसांच्या पंगतीत, हे मला कधी कळलं असतं? पहिली किराणा यादी आम्ही विमानात, बोर्डिंग पासाच्या मागे लिहिली. दोघांच्या हस्ताक्षरातली ती यादी मी जपून ठेवली आहे. रोज रेस्तराँत जेवलात तर हॉटेलाचं बिल वाढतं हे आहेच. पण मी स्वयंपाकघर असलेलं घर सुचवते ते पैशासाठी नाही.

एकटीनेच रांधायचं असं दिसत असेल तर मात्र सरळ हॉटेल घ्या.

पैसे कसे न्यावेत? यूपीआय चालतं का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉरिशसमध्ये यूपीआय सुरू झालं, पण प्रत्येक दुकानात चालेल असं धरून जाऊ नका. सुपरमार्केट आणि पेट्रोलपंपावर कार्ड, बाजारात आणि धोल पुरीवाल्याकडे रोख मॉरिशस रुपये. त्यांचा रुपया आपल्यापेक्षा महाग आहे. नाव एकच असल्याने किंमत वाचताना मन फसतं, निघण्याआधी त्या दिवसाचा दर पाठ करा.

कोणत्या महिन्यात जावं?

आपल्याकडे तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. नोव्हेंबर-डिसेंबर तिथे उन्हाळ्याची सुरुवात, हवा छान, पण डिसेंबरच्या शेवटी गर्दी आणि गाड्या महाग. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा मुख्य काळ. वादळाचे इशारे चार पातळ्यांचे असतात. तिसऱ्या पातळीला दुकानं आणि बस बंद होतात, घरातच थांबायचं असतं. त्या महिन्यांत गेलात तर दोन दिवसांचं कोरडं खाणं आणि पाणी घरात ठेवा आणि गाडीचं बुकिंग रद्द करता येईल असंच करा. महाशिवरात्रीच्या सुमारास गंगा तलावाकडे हजारो लोक पायी जातात, त्या दिवसांत त्या रस्त्यावर गाडी नेऊ नका. दर्शन घ्यायचं असेल तर आधी किंवा नंतर जा. तिथली ३३ मीटर उंच शंकराची मूर्ती धुक्यातून हळूहळू दिसू लागते, ते बघण्यासारखं आहे.

मे-जूनमध्ये लग्न असेल तर उत्तर किंवा पश्चिम किनारा घ्या. हिवाळ्यात पूर्वेला आणि दक्षिणेला वारा फार असतो.

अंदमानला हेच लागू पडतं का?

थोडंच. स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, लोक स्कूटर भाड्याने घेतात. स्वतः चालवायच्या गाड्यांची तशी सोय नाही आणि स्वयंपाकघर असलेली घरंही मोजकी. तिथे किराण्याची यादी करण्यापेक्षा बोटीच्या तिकिटांकडे लक्ष द्या.

गाडी परत करताना आणि घर सोडताना?

आदल्या संध्याकाळी पेट्रोल गाडी घेताना काटा जिथे होता तिथपर्यंत भरा आणि पावती ठेवा. गाडीतली वाळू झटका, काही जण साफसफाईचे पैसे लावतात. पुन्हा तोच फेरीचा व्हिडिओ काढा, या वेळी चाकांसकट, आणि ‘नवीन नुकसान नाही’ असं लिहून सही घ्या. डिपॉझिट मोकळं झाल्याचा संदेश येईपर्यंत सगळे फोटो जपा.

उरलेला तांदूळ, डाळ, तेल फेकू नका, घरमालकिणीला विचारून द्या. आम्ही गोड्या मसाल्याची उरलेली डबीसुद्धा दिली. तिने झाकण उघडून वास घेतला आणि हा कशात घालायचा, असं विचारलं. टॅक्सी दारात उभी होती, तरी मी तिला आमटी कशी करायची ते सगळं सांगितलं.